भाच्याचा कॉम्प्युटर आणि ताईचे लाइट बिल

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला आठ जुने कॉम्प्युटर मिळाले. एका ऑफिसात नवीन मशीन आली, म्हणून जुनी आमच्याकडे आली. मुलांनी ती पुसून-झटकून मांडली. पुढच्याच रविवारी तीन मुले माझ्या घरी हजर. त्यातला एक म्हणाला, "काका, रात्री अभ्यासिकेला कुलूप असतं. कॉम्प्युटर नुसते पडून असतात. ते आम्ही विज्ञानाच्या कामाला लावले तर? कॅन्सरवर, टीबीवर जे संशोधन चालतं त्याची आकडेमोड आपले कॉम्प्युटर करून देतील. पैसे लागत नाहीत काका, सगळं फुकट आहे."

बंधू-भगिनींनो, अभ्यासिकेच्या जमाखर्चाची वही माझ्याकडे असते. 'फुकट' हा शब्द ऐकला की वही सांभाळणाऱ्या माणसाचे कान उभे राहतात. आजवरच्या अनुभवाने मला एवढे कळले आहे की, फुकट असे काही नसते, बिल फक्त दुसऱ्याच्या नावावर येते. पण मुलांना मी नाही म्हटले नाही. म्हटले, "बसा, चहा घ्या. मी तुम्हाला एक जुनी वही दाखवतो."

ती वही २०१९ सालची. माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरची आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या लाइट बिलाची. आज तीच तुमच्यापुढे उघडतो.

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. विज्ञानातले काही प्रश्न इतके मोठे असतात की एका कॉम्प्युटरला ते सोडवायला शेकडो वर्षे लागतील. त्यासाठी देश महासंगणक बांधतात. आपल्या पुण्यात सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' बांधला, तो सर्वांना माहीत आहे. पुण्याचाच 'एका' हा महासंगणक २००७ मध्ये जगात चौथ्या क्रमांकावर होता. पण प्रत्येक शास्त्रज्ञाला महासंगणक कुठून मिळणार? म्हणून दुसरा मार्ग निघाला. मोठ्या गणिताचे लाखो लहान तुकडे करायचे आणि ते घरोघरच्या कॉम्प्युटरला इंटरनेटवरून पाठवायचे. कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा तो तुकडा सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. आपल्याकडे विहीर खणायची तर सारी वस्ती कुदळ-घमेली घेऊन उतरते ना, तसे हे कॉम्प्युटरचे श्रमदान.

मी बी.कॉम.ला असताना, १९९९ च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने 'सेटी अॅट होम' नावाने असे काम सुरू केले. दुर्बिणीत आलेल्या रेडिओ लहरींत परग्रहावरच्या कुणाची हाक सापडते का, हे शोधायचे होते. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी त्यात आपापले कॉम्प्युटर लावले. हाक काही सापडली नाही आणि ३१ मार्च २०२० पासून नवे काम पाठवणेही थांबले. पण या पद्धतीने पुष्कळ होऊ शकते हे मात्र सिद्ध झाले. 'आइन्स्टाइन अॅट होम' हे असेच दुसरे काम २००५ पासूनचे. २०१० मध्ये त्यातून एक नवा पल्सार तारा सापडला, तो अमेरिकेतल्या आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थाच्या कॉम्प्युटरवर. हे काम ज्या 'लायगो' वेधशाळेची माहिती चाळते, तिचीच भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारायला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली आहे. म्हणजे हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

आता ताईकडे येतो. माझी ताई घाटकोपरला डोंगराच्या उतारावर राहते. दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा, त्यावर पत्रे. २०१५ साली तिला टीबी झाला. सहा महिने तिने गोळ्या घेतल्या, एक दिवस चुकवला नाही. भाचा तेव्हा शाळेत होता. आईचा खोकला, आईचे वेगळे ठेवलेले ताट, शेजाऱ्यांची कुजबुज हे सगळे त्याने पाहिले. ताई बरी झाली, कामाला लागली. पण पोराच्या मनात ते राहिले. जगातले सुमारे चौथाई टीबी रुग्ण एकट्या भारतात आहेत, हे त्याने कुठेतरी वाचले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

पुढे तो डिप्लोमाला गेला. साठवलेले पैसे, थोडे माझे, असे करून लॅमिंग्टन रोडवरून जुने सुटे भाग आणून त्याने स्वतः कॉम्प्युटर जोडला. त्यावर त्याने 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड'चे काम घेतले. आयबीएम कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम (२०२१ मध्ये तो कॅनडातल्या टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेला). त्यात २०१६ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाचा टीबीवरचा प्रकल्प आला होता. टीबीच्या जंतूभोवती मेणासारखे जाड कवच असते. ते मायकोलिक आम्लांचे बनलेले. त्या कवचामुळे पुष्कळ औषधे आत शिरत नाहीत. ते रेणू कसे वळतात, कसे घडी घालतात, याची आकडेमोड या प्रकल्पात होती. ताईने खाल्लेल्या गोळ्यांतली आयसोनायझिड ही गोळी नेमके हेच कवच जंतूला बनवू देत नाही. भाच्याने मला हे समजावले तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "मामा, आईच्या गोळीचंच काम मी पुढे नेतोय!"

आणि २०१९ च्या जानेवारीत ताईचा फोन आला. "अरे, येऊन बिल बघ. आपलं दोनशे-सव्वादोनशे युनिटच्या वर कधी जात नाही. ह्या वेळी तीनशे सात आलंय. मीटर खराब झालं की कुणी वायर टाकलीय आपल्यावर?"

मी रविवारी गेलो. मीटर चांगले होते. कुणी वायर टाकली नव्हती. पोटमाळ्यावर चढलो तर भट्टीत शिरल्यासारखे झाले. कॉम्प्युटर चोवीस तास चालू. नुसता चालू नाही, तर भाच्याने त्याचे 'ओव्हरक्लॉकिंग' केलेले.

हे ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय? कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्यात एक घड्याळ असते. प्रत्येक ठोक्याला तो एक पाऊल पुढे टाकतो. साडेतीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला साडेतीन अब्ज ठोके. कंपनी ही गती ठरवून देते, पण सेटिंगमध्ये जाऊन ती वाढवता येते. त्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मात्र गती वाढवली की जुन्या विद्युत दाबावर प्रोसेसर अडखळतो. म्हणून दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवावे लागते. इथेच खरी मेख आहे. वीज लागते ती गतीच्या पटीत आणि दाबाच्या वर्गाच्या पटीत. गती दहा टक्के वाढवली आणि दाबही दहा टक्के वाढवला, तर वीज दहा टक्के वाढत नाही. १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. काम दहा टक्के जास्त, पण प्रोसेसरची वीज तेहतीस टक्के जास्त! शिवाय चिप जितकी तापते तितकी ती आणखी वीज गळते. घाटकोपर स्टेशनची गाडी पकडायला डोंगरावरून चालत उतरणे आणि धावत उतरणे यात जो फरक, तोच इथे. वाचतात दोन मिनिटे आणि धाप लागते दहा मिनिटांची.

मी भाच्याला विचारले, "हे करण्याआधी आईला विचारलं होतंस?" तो गप्प. मग म्हणाला, "चांगल्या कामाला काय विचारायचं मामा?" ताई खालून ऐकत होती. ती म्हणाली, "चांगलं काम असेल रे. पण दान कुणाच्या हातून चाललंय ते त्या हाताला कळायला नको? मी चार घरची धुणी-भांडी करते. तुझ्या त्या मशीनने माझ्या किती घरांचे पैसे खाल्ले ते तरी सांग."

खरे सांगतो, या प्रश्नाने मीही गप्प झालो. मुलगा स्वार्थासाठी काही करत नव्हता. आई कंजूष नव्हती. दोघांचेही बरोबर होते. अशा वेळी रागावून भागत नाही, हिशेब करावा लागतो. मी म्हटले, "महिनाभर थांबा. मोजू आणि मग ठरवू."

प्लगमध्ये लावून वीज मोजणारे एक छोटे मीटर मी आणले. भाच्याला सांगितले की, दर आठवड्याला एकच पद्धत ठेवायची आणि रविवारी दोन आकडे लिहायचे. भिंतीतून किती वॅट घेतले आणि कामाचे किती तुकडे बरोबर होऊन गेले.

पहिला आठवडा, कंपनीने दिलेली गती. १०५ वॅट. आठवड्याला १७.६ युनिट. काम ६० तुकडे. म्हणजे एका तुकड्याला ०.२९ युनिट.

दुसरा आठवडा, ओव्हरक्लॉकिंग. १२८ वॅट. २१.५ युनिट. काम ६६ तुकडे. भाचा खूश झाला. पण पुढची ओळ वाचा. त्यातले पाच तुकडे 'चुकीचे' म्हणून परत आले. पुष्कळ प्रकल्पांत एकच तुकडा दोन वेगवेगळ्या कॉम्प्युटरना देतात आणि उत्तरे ताडून पाहतात. तापलेला, ओढून-ताणून पळवलेला प्रोसेसर मधूनच एखादी बेरीज चुकतो. कॉम्प्युटर बंद पडत नाही, स्क्रीनवर काही दिसत नाही, पण उत्तर चुकते. ते पाच तुकडे वजा केले तर राहिले ६१. एका बरोबर तुकड्याला ०.३५ युनिट. म्हणजे आठवडाभर चार युनिट जास्त जाळून पदरात पडला एक तुकडा!

तिसरा आठवडा उलटा केला. गती पंधरा टक्के कमी केली आणि दाबही, प्रोसेसर अडखळणार नाही इतपत, खाली आणला. ८० वॅट. १३.४ युनिट. काम ५१ तुकडे, एकही चूक नाही. एका तुकड्याला ०.२६ युनिट. सर्वांत स्वस्त.

मग भाचा म्हणाला, "मामा, आणखी खाली आणू. अजून स्वस्त पडेल." चौथ्या आठवड्यात गती जवळजवळ निम्म्यावर आणली. ६४ वॅट. १०.८ युनिट. काम मात्र ३३ तुकडे. एका तुकड्याला ०.३३ युनिट. महाग झाले! हे कसे?

इथे माझे बी.कॉम. कामाला आले. दुकान चालवणाऱ्याला दोन प्रकारचे खर्च असतात. एक स्थिर, म्हणजे भाडे. माल विका नाहीतर विकू नका, ते द्यावेच लागते. दुसरा बदलता, मालाप्रमाणे वाढणारा. कॉम्प्युटरचेही तसेच. मदरबोर्ड, पंखा, डिस्क, वीजपुरवठ्याची पेटी हे सगळे मिळून आमच्या मशीनमध्ये ४२ वॅट नुसते चालू राहायलाच लागत होते. ते झाले भाडे. गती फार कमी केली की थोड्याशा मालावर सगळे भाडे चढते. गती फार वाढवली की बदलता खर्च गगनाला जातो. फायद्याची जागा दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. ती प्रत्येक मशीनला वेगळी असते आणि मोजल्याशिवाय सापडत नाही. दाब कमी करतानाही हेच. फार खाली नेला तर ओव्हरक्लॉकिंगसारख्याच चुका होतात. म्हणून प्रत्येक वेळी थोडेसे उतरायचे, एक-दोन दिवस पाहायचे, चूक आली की एक पायरी वर यायचे.

आता पैशांत बोलू. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला दहा रुपये धरू. भाच्याची आधीची पद्धत, चोवीस तास ओव्हरक्लॉकिंग: महिन्याला ९२ युनिट, ९२२ रुपये. तिसऱ्या आठवड्याची पद्धत चोवीस तास: ५७.६ युनिट, ५७६ रुपये. शिवाय बिलातले टप्पे विसरू नका. शंभर युनिटपर्यंत एक दर, एकशे एक ते तीनशे दुसरा, तीनशे एक ते पाचशे तिसरा आणि त्यावर चौथा. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला बहुतेक घरांना पूर्वी बीएसईएसची वीज होती, मग रिलायन्सची झाली, २०१८ पासून अदानीची आहे. आमच्या मुलुंड-भांडुपला महावितरण. कंपनी कोणतीही असो, वाढीव वापर नेहमी तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यात पडतो. म्हणून 'माझा सरासरी दर इतका' असे धरून चालू नये. नव्या उपकरणाचा खर्च वरच्या टप्प्याच्या दरानेच मोजावा.

पण खरी गंमत पुढेच आहे. भाचा रोज पाच तास अभ्यासाला कॉम्प्युटर लावतच होता. तेव्हा ते ४२ वॅटचे भाडे अभ्यासाच्या खात्यावर पडलेलेच आहे. त्या वेळात पाठीमागे टीबीचे काम चालू ठेवले तर वाढतात फक्त ३८ वॅट. पाच तास, तीस दिवस: ५.७ युनिट. सत्तावन्न रुपये! तेवढ्यात तुकडे होतात पंचेचाळीस. एका तुकड्याला सव्वा रुपया. ओव्हरक्लॉकिंगमध्ये हाच तुकडा साडेतीन रुपयांना पडत होता.

मी वही ताईपुढे ठेवली. ती जास्त शिकलेली नाही, पण पैशाचा हिशेब तिला माझ्याहून चांगला येतो. तिने दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाली, "महिन्याला दोनशे रुपये माझ्याकडून. गोळ्या मला सरकारनं फुकट दिल्या होत्या. कुणीतरी शोधल्या असतील तेव्हाच मिळाल्या ना? पण दोनशेच. आणि उन्हाळ्यात बंद."

दोनशे रुपयांत काय बसते ते आम्ही पाहिले. अभ्यासाचे पाच तास आणि रात्रीचे सहा तास, कमी गतीवर. महिन्याला वीस युनिट, शंभर तुकडे. भाच्याची जुनी पद्धत महिन्याला दोनशे साठ तुकडे देत होती, हे खरे. आता शंभर. त्याला जरा वाईट वाटले. मी म्हटले, "तुझे दोनशे साठ आईच्या नकळत होते. हे शंभर आईच्या हातचे आहेत."

उन्हाळ्यात बंद, हे ताईने का म्हटले तेही सांगतो. कॉम्प्युटरने घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडते. १२८ वॅट म्हणजे जुना शंभरचा पिवळा बल्ब आणि वर एक लहानसा, दिवसरात्र पेटवून ठेवल्यासारखे. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ते सोसायचे कुणी? खाली झोपणाऱ्या माणसाने. त्यावर पंखा वाढवायचा, म्हणजे पुन्हा वीज. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना तर ती उष्णता बाहेर फेकायला आणखी बिल भरावे लागते. पाश्चात्त्य देशांत हिवाळ्यात हीच उष्णता खोली गरम करायला उपयोगी पडते. त्यांचा हिशेब आपण जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

आणि वीज येते कुठून, याचाही विचार व्हावा. डहाणू, ट्रॉम्बे, चंद्रपूर, कोराडी. मुख्यतः कोळसा जाळूनच ती येते. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो धूर प्रथम कुणाच्या घरात शिरतो? वीजकेंद्राच्या शेजारी ज्यांना राहावे लागते त्यांच्या. छातीच्या रोगावरचे संशोधन करायचे आणि त्यासाठी गरजेपेक्षा जास्त धूर करायचा, हे शहाणपणाचे नाही. काम थांबवू नये, पण उधळपट्टी थांबवावी.

पुढच्या वर्षी करोना आला. २०२० च्या मार्चमध्ये लोकांनी घरोघरचे कॉम्प्युटर 'फोल्डिंग अॅट होम'ला इतके लावले की, एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडी दर सेकंदाला करण्याचा टप्पा त्यांनी ओलांडला. तोवर जगातला एकही महासंगणक तिथे पोहोचला नव्हता. मे महिन्यात वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवरही करोनाच्या औषधांचा प्रकल्प आला. लॉकडाउनमध्ये ताईची चारही घरची कामे बंद होती. तरी त्या मे महिन्यात तिनेच विचारले, "तुझं ते मशीन चालू आहे का रे? पन्नास रुपयांचं तरी चालू दे." तेव्हा सत्तावन्न रुपयांची ती ओळ आमच्या कामी आली. त्याच पद्धतीने, अभ्यासाच्या वेळात, ते चालू राहिले.

एवढे सगळे ऐकून अभ्यासिकेची मुले म्हणाली, "मग काका, आमचं काय?" मी म्हटले, "मोजा." ते मीटर मी त्यांना दिले. दोन आठवड्यांत त्यांनी आठही मशीन मोजली. पाच मशीन इतकी जुनी निघाली की नव्या मशीनच्या दीडपट वीज खाऊन काम चौथाई करतात. ती टायपिंग शिकायला आणि परीक्षेचे फॉर्म भरायला ठेवली. उरलेल्या तिनांवर विज्ञानाचे काम चालेल, तेही अभ्यासिका उघडी असेल तेव्हाच. रात्री कुलूप लावून मशीन चालू ठेवायला समितीने साफ नकार दिला आणि ते योग्यच आहे. वस्तीतले वायरिंग जुने, एकाच एक्स्टेन्शनवर चार-चार प्लग. वायर तापून काही झाले तर पाहायला कोण? ओव्हरक्लॉकिंग नाही, म्हणजे नाही.

मुलांसाठी आणखी तीन गोष्टी मी वहीत लिहून दिल्या, त्या इथेही देतो. पहिली, गती कमी करायला कॉम्प्युटर उघडावा लागत नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभर टक्क्यांवरून खाली आणली की तो जास्तीची धाव घेणे थांबवतो. एवढ्यानेही पुष्कळ वीज वाचते. दुसरी, मोबाइलवरही हे काम होते. मोबाइलचा प्रोसेसर मुळात कमी विजेवर चालणारा. ते सॉफ्टवेअर चार्जिंगला लावलेल्या आणि पुरेशा भरलेल्या फोनवरच काम करते आणि बॅटरी तापली तर थांबते. तरी उशीखाली फोन ठेवून हे करू नये. तिसरी, हे काम आणि नाणी 'माइन' करण्याचे प्रकार एक नव्हेत. झटपट पैशाचे आमिष दाखवणारे सॉफ्टवेअर कुणी दिले तर मशीनला हात लावू देऊ नका.

आणि एक गोष्ट नोकरदार बंधूंसाठी. मी स्वतः क्लार्क आहे. ऑफिसात रात्रभर पन्नास कॉम्प्युटर रिकामे उभे असतात हे मलाही दिसते. मनात येते, कुणाला कळणार? पण ती वीज आपली नव्हे आणि ते मशीनही आपले नव्हे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कर्मचाऱ्याने परवानगी न घेता तिथल्या कॉम्प्युटरवर असेच सॉफ्टवेअर बसवले. त्याच्यावर फौजदारी खटला झाला. २००२ च्या जानेवारीत तडजोड होऊन दंड आणि समाजसेवेवर ते प्रकरण मिटले. हेतू चांगला होता, परवानगी नव्हती. लेखी परवानगी घ्या, मिळाली तर करा, नाही मिळाली तर राहू द्या.

गेल्या रविवारी अभ्यासिकेच्या वहीत मी एक नवे खाते उघडले. विज्ञानाच्या कामाची वीज, महिन्याला दोनशे रुपयांपर्यंत. समितीच्या बैठकीत ते वाचून दाखवले. वर्गणी देणाऱ्या एका आजीबाईंनी विचारले, "ह्यानं टीबी जाईल का रे बाबा?" मी म्हटले, "आजी, एवढ्यानं जाणार नाही. पण ज्यांच्या हातून जाईल त्यांची थोडी आकडेमोड आपल्या अभ्यासिकेत झालेली असेल." आजीबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मग लिही माझे दहा रुपये."

मी लिहिले. ताईला फोन करून सांगितले तेव्हा ती हसली. म्हणाली, "विचारलंस ना त्यांना? मग झालं."